जवळची माणसं
मोगऱ्याच्या रूम फ्रेशनरचा वास आला की मी अजून नाकाला ओढणी लावते. भाव नसल्यानं कापूस घराघरांत पडून होता त्या वर्षांत, यवतमाळातल्या कापसातली सरकी काढणाऱ्या एका बंद जिनिंग कारखान्यात आम्ही पोरी अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचो. सरकीचा कुबट वास दडवायला आमचे साहेब तो मोगऱ्याचा फवारा मारत. आमच्या तोंडून होकाराचं 'हौ' निघालं की खेकसत, कारण पलीकडच्याला ते इंग्रजीतलं 'हाऊ', म्हणजे 'कसं?' वाटायचं. 'तुमच्या जवळूनच बोलतेय' हे खोटंही त्यांनीच शिकवलेलं. एक दिवस स्वतःच्या बढतीचे पेढे वाटत ते म्हणाले, "काम आता अमेरिकेशेजारच्या मेक्सिकोत चाललं. गिऱ्हाइकांना जवळची माणसं पाहिजेत. समजलं ना?" "हौ," माझ्या शेजारची पोरगी मुद्दाम म्हणाली, "मंग आतापर्यंत आमी कुठून बोलून राह्यलो होतो, सर?" साहेबांनी आमच्याच अंगावर फवारा मारला. पेढा मी फाटकाबाहेर थुंकून टाकला. मोगरा अजून घशात आहे.