सात वेळा पिंजलेली गादी

"उभा माणूस खोटं बोलेल, पण आडवा झाला की पाठ खरं सांगते," असं कापूसराव नेहमी म्हणायचे. गिऱ्हाईक दुकानात आलं, की मापं आणि भाव राहिले बाजूला, आधी ते त्याला फळीवरच्या गादीवर झोपायला लावायचे. चांगले कोट घातलेले साहेबलोक बूट काढून छताकडे बघत पडायचे आणि कापूसराव शेजारी हात मागे बांधून उभे. "डाव्या कुशीवर झोपता ना? कंबर दुखते आणि सांगत नाही कुणाला." साहेब चपापून उठून बसायचा. मग गादी त्याच्या पाठीसारखीच व्हायची.

कापूसराव हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. चाळीस वर्षं कापूस पिंजला, तर तो भुवयांत, कानांवरच्या केसांत, सदऱ्याच्या शिवणीत जाऊन बसला, आणि नावातही. समोर इस्त्रीवाली बाई बसायची. ती रोज एकदा तरी टोमणा मारणार.

"कापूसराव, अंघोळ करता की नुसतं झटकून घेता?"

"झटकूनच घेतो बाई. भिजलो तर वजन वाढेल."

खाली दुकान, वर दोन खोल्या, मध्ये लाकडी जिना. दुकानात मागे पिंजायचं मशीन, पुढे गाद्यांची रास आणि खिडकीपाशी शिवणयंत्र. त्या शिवणयंत्रावर सून बसायची. खरं तर ती सून व्हायच्या आधीपासून तिथे बसत होती. गाद्यांच्या खोळी शिवायला म्हणून आली, आणि दुसऱ्या वर्षी कापूसरावांनी मुलाला सांगितलं, "या पोरीची शिवण सरळ आहे आणि बोलणंही. पुढचं तू बघ." मुलगा बस डेपोत कारकून. त्याने पुढचं बघितलं. तिला वडील आठवतच नव्हते. लग्न झालं तसं तिने पहिल्यांदा कुणाला तरी 'बाबा' म्हटलं, आणि तो शब्द तोंडात बसायला तिला महिना लागला.

घर दुकानाच्या तालावर चालायचं. मशीन सुरू झालं की सकाळ, बंद झालं की जेवण. सहा वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या, तेव्हाही दुकान चौथ्या दिवशी उघडलं होतं. लोकांना झोपायला काहीतरी लागतंच, असं कापूसराव म्हणाले होते.

मग बाळ आलं. मुलगी झाली, आणि ताल उलटा झाला. बाळ झोपलं की मशीन बंद. आणि बाळ तर दिवसभर झोपायचं. गाद्यांची रास छताला टेकली. कुणी विचारायला आलं की कापूसराव तोंडावर बोट ठेवायचे. "हळू बोला. सध्या आमच्याकडे एकाच गिऱ्हाइकाचं काम चालू आहे. राणीसरकार झोपल्यात."

राणीसरकारांसाठी त्यांनी एक गादी करायला घेतली. हातभर रुंद, दोन हात लांब. नवा कापूस त्यांच्या मनाला येईना. नवा कापूस अंगात मस्ती असलेला, उसळतो, म्हणायचे. त्यांनी माळ्यावरून बायकोची गादी काढली, दाभणाने टाके उसवले आणि तो कापूस पुन्हा पिंजला. मग पुन्हा. हातात धरून बघायचे आणि मान हलवायचे, "अजून नाही." असं सात वेळा. सात वेळा पिंजल्यावर तो असा झाला, की ओंजळीत धरला तरी हाताला कळू नये. सुनेने आपल्या जुन्या सुती कपड्याची खोळ शिवली. एकही गाठ वर येऊ दिली नाही. बाळाला त्या गादीवर ठेवलं तेव्हा कापूसराव गुडघ्यांवर बसले आणि म्हणाले, "आजीच्या कुशीत झोपा आता, सरकार." सून तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिली.

चौथ्या महिन्यात बाळाला खोकला लागला. पाचव्यात छाती वाजू लागली, रिकाम्या बाटलीच्या तोंडाशी वारा वाजावा तशी. डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली आणि विचारलं, "घरात धूळ, कापूस असं काही आहे का?"

नवराबायकोने एकमेकांकडे बघितलं नाही.

"खाली गाद्यांचं दुकान आहे," नवरा म्हणाला.

"मग झालं तर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि लिहायला लागल्या.

त्या दिवसापासून घर म्हणजे बाळाची छाती, एवढंच उरलं. आधी जिन्याच्या तोंडाशी जाड पडदा आला. मग मशीन फक्त बाळ बाहेर गेल्यावर चालू लागलं. मग एका सकाळी कापूसरावांनीच हातगाडी आणली. बाजारामागे पत्र्याची शेड मिळाली होती, तिथे मशीन गेलं, गाद्या गेल्या, फळीसुद्धा गेली. रिकाम्या दुकानाची फरशी सुनेने चार वेळा पुसली. तिचं शिवणयंत्र एकटं खिडकीशी राहिलं, आणि त्यावर औषधांच्या बाटल्या आल्या.

कापूसराव शेडवर काम करायचे, तिथल्याच नळावर अंघोळ करायचे, धुतलेले कपडे घालून संध्याकाळी घरी यायचे. तरी छाती वाजायची ती वाजायचीच. नवऱ्याचा धीर सुटत चालला होता.

"अहो, त्यांच्यासमोर नका बोलू," सून म्हणायची.

"मग कुणासमोर बोलू? अगं, कापूस आता येतोय कुठून? त्यांच्या अंगावरूनच ना?"

कापूसराव जिन्यात होते. ऐकू आलं असणारच, कारण दुसऱ्या दिवशी ते न्हाव्याकडून आले तेव्हा त्यांना भुवया नव्हत्या. कानांवरचे केस नव्हते, मिशीही नव्हती. चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा दिसत होता. त्या दिवशी इस्त्रीवालीने टोमणा मारला नाही.

"आता बघ पोरी," ते सुनेला म्हणाले, "एक धागा सापडला तर सांग." आणि त्यांनी बाळासमोर हात पुढे केले. बाळ त्या नव्या तोंडाकडे बघून खुदकन हसलं. सगळेच हसले. सूनसुद्धा.

आठव्या महिन्यात मात्र बाळाचे ओठ निळे पडायला लागले. धावतपळत दवाखाना गाठला. तीन दिवस बाळ तिथे होतं. दुसऱ्याच दिवसापासून श्वास सरळ झाला, दूध पोटभर गेलं. तिसऱ्या दिवशी दुपारी घरी आणलं. बाळ झोपाळलेलं होतं, सुनेने त्याला त्याच्या गादीवर ठेवलं. तासाभरात छातीतली बाटली पुन्हा वाजू लागली.

तिने बाळाला उचलून खांद्यावर घेतलं. खिडकीतून ऊन तिरपं आत आलं होतं आणि गादीवर बाळाच्या अंगाचा खळगा तसाच होता. तो सरळ करायला म्हणून तिने हात मारला. सवयीचा हात, गादीच्या घरातला. त्या उन्हात गादीतून बारीक, पिठासारखं काहीतरी वर आलं आणि खाली बसेना. तिने पुन्हा हात मारला. पुन्हा आलं.

"बाबा," तिने हाक मारली. त्या दिवशी शेडवर न जाता ते खाली रिकाम्या दुकानात बसले होते; हाक मोठी नव्हती, तरी ते धावत वर आले.

त्यांनी गादी थोपटली नाही. उन्हातलं ते पीठ बघितलं, दाराबाहेर नेऊन एक कोपरा उसवला, दोन बोटं आत घातली आणि बाहेर काढली. बोटांना कापसाचा धागा नव्हता, नुसता भुगा होता.

"जुना कापूस दोनदाच पिंजायचा असतो," ते म्हणाले. "तिसऱ्यांदा पिंजला की तुटतो. माझ्या हाताखाली जो जो शिकला, त्याला मी पहिल्या दिवशी हेच सांगितलं. आणि मी सात वेळा पिंजला."

"बाबा, खोळ मी शिवली. पातळ कापडाची. माझ्याही..."

"तुझी शिवण सरळ आहे," ते तिला मध्येच तोडून म्हणाले. एवढं कडक ते तिच्याशी कधी बोलले नव्हते.

संध्याकाळी त्यांनी गादी गुंडाळली आणि स्वतःचं अंथरूणही गुंडाळलं. मुलगा दारात आडवा उभा राहिला. "बाबा, दोष गादीचा होता. गेली ना ती? तुम्ही कशाला निघालात?"

"गादीचा होता की माझाही होता, कुणाला ठाऊक?" कापूसराव म्हणाले. "बाळ दवाखान्यात होतं, तेव्हा त्याच्यापाशी गादी नव्हती आणि मीही नव्हतो. आता यातलं खरं कोण, ते बघायला बाळाची छाती वापरायची का?"

"मग शेड सोडा. काम सोडा."

"सोडलं तरी चाळीस वर्षांचा कापूस अंगातून कधी जाईल, ते सांग." मग त्यांनी सुनेकडे बघितलं.

हे तिने बोलायचं होतं. 'राहा' एवढं म्हटलं असतं तर ते राहिले असते, हे तिला कळत होतं. तिच्या खांद्यावर बाळ झोपलं होतं, आणि दुपारपासून ती दुसरं काही ऐकत नव्हती, फक्त तो श्वास मोजत होती. तिने 'राहा' म्हणायला तोंड उघडलं.

"आठ दिवस बघू, बाबा," ती म्हणाली.

"शहाणी आहेस," ते म्हणाले, आणि जिना उतरले.

आठ दिवसांत बाळाची छाती वाजली नाही. पंधरा दिवसांतही नाही. बाळ रांगायला लागलं, दात आले. मुलगा डेपोतून येताना शेडवर डबा पोचवायचा. 'आता बोलवू या' असं दोघांच्याही ओठांवर यायचं, आणि दोघंही आपापल्या मनात भ्यायची. खालचं दुकान चष्मेवाल्याला भाड्याने दिलं. आठ दिवस कुठे संपले, ते कुणीच बोललं नाही.

बाळाला वर्ष झालं, त्या रविवारी सकाळी कापूसराव आले. दुकानातली घडीही न मोडलेला नवा कोरा सदरा अंगात होता. भुवया परत उगवल्या होत्या, विरळ. चपला खाली काढून ते जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आले आणि तिथेच थांबले. सून बाळाला घेऊन वर जिन्याच्या तोंडाशी आली.

"ओळखलंत का, सरकार?"

बाळाने त्यांच्याकडे नीट बघितलं, मग तोंड वाकडं करून आईच्या मानेत खुपसलं.

"बरोबर आहे," ते हसले. "अनोळखी माणसाकडे असं पटकन जाऊ नये."

"बाबा, वर या ना. मी म्हणते ना, या. आता काही होत नाही." या वेळी ती मनापासून म्हणत होती. एक पायरी ती खालीही उतरली.

त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. ते बाळाच्या पाठीकडे बघत होते, ती वरखाली होत होती तिकडे. बराच वेळ बघत राहिले.

"कसा सरळ चाललाय बघ," ते म्हणाले. "राहू दे पोरी. चाललंय ते मोडू नकोस."

चहा घ्या म्हणाली, तर झालाय म्हणाले. खिशातून कागदात गुंडाळलेला लाकडी भोवरा काढून पायरीवर ठेवला. "धुतलाय," म्हणाले. "तरी तू पुन्हा धू."

ते जिना उतरले, तशी ती धावत खिडकीशी गेली. ते चष्मेवाल्याच्या दारावरून पुढे गेले, आत न बघता. इस्त्रीवालीने "बसा घटकाभर" म्हटलेलं वर ऐकू आलं; त्यांनी हात जोडले आणि चालत राहिले. वळणापर्यंत रस्ता रिकामाच होता आणि ते अगदी मधून चालले होते, नव्या सदऱ्यात ताठ. इस्त्रीवालीने इस्त्री उभी करून ठेवली आणि त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. वर खिडकीत सून बघत होती, आणि बाळ तिचा कान ओढत होतं.