आक्सेश्वर

त्या साली मला यवतमाळच्या ट्रेनिंग कॉलेजात जागा मिळाली, आणि त्याच उन्हाळ्यात कपाशीच्या पऱ्हाट्या उपटता उपटता आमची आई मागं कोसळली. हाड काही मोडलं नाही, पण टोंगळे, म्हणजे गुडघे, असे धरले की तिनं बाजच धरली. घरात आम्ही दोघीच. तिला उठता येत नसताना मी वर्षभर वसतिगृहात राहणार कशी? घाटंजीच्या शाळेत मी कच्ची मास्तरीण. ट्रेनिंग नाही तर पुढं नोकरीही नाही. मला रडू यायचं, आणि रडू आलं की मी भांडी आपटायची.

बाजाराच्या दिवशी दवाखान्याची जीप यायची. तिच्यातून एक फ्रेंच नर्सबाई उतरायची. मराठी शिकलेली, पण पुस्तकातून. तिनं आईचे गुडघे दाबून पाहिले आणि म्हणाली, "आपण कृपया रोज उष्ण जलात पाय बुडवावेत. नंतर दहा पावले चालावे."

आईनं आधी मागं वळून पाहिलं, हे 'आपण' कोण म्हणून. मग मला म्हणाली, "बाहेर ऊन, अन् पाणीबी ऊन! हे सांगाले एवढ्या दुरून आली का व हे?"

बाई बिचारी हसली. तिचं गाव म्हणे आक्स. फ्रान्सच्या दक्षिणेला, डोंगराच्या खोऱ्यात, एवढंसं. तिथं भर चौकात जमिनीतूनच कढत पाणी निघतं आणि दगडी हौदात साठतं. गावातल्या बाया काठावर बसून पाय पाण्यात सोडतात आणि तास तास गप्पा हाणतात. वर डोंगरावर बर्फ, खाली वाफा. तिची आईही तिथंच बसते, तिचेही पाय दुखतात.

आईनं कान टवकारले. "देव कोनता हाये तिथं?"

"देव नाही. केवळ पाणी."

"बाप्पा! देवाबिगर पाणी तापन काय?" पैनगंगेपल्याड उनकेश्वरला असंच कढत पाणी निघतं आणि तिथं महादेव आहे, आईच्या लेखी विषय संपला. "आक्स नाई व, आक्सेश्वर असन. हिले धड नाव घेता येत नाई."

बाईनं दोनदा सुधारून पाहिलं, तिसऱ्यांदा हात टेकले. त्या दिवसापासून आई पातेल्याएवढ्या गंजात ऊन पाणी ओतून, त्याला नमस्कार करून पाय बुडवू लागली. पण चालायचं नाव काढलं की, "अवं माय व! मरतो नं मी!" कॉलेजात हजर व्हायला आठ दिवस उरले. शेवटी मी 'येऊ शकत नाही' अशी चिठ्ठी लिहिली आणि पोस्टात गेले. पोस्ट बंद होतं, म्हणून लवकर परतले.

घरी बाज रिकामी. आमच्या मातोश्री तीन घरं सोडून, बांगडीवाल्या खालांच्या ओट्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या. आक्सेश्वरची गोठ सांगणं रंगलं होतं. मला पाहताच तिनं चटकन गुडघा धरला.

"कवापासून चालून राह्यली तू?" मी रस्त्यातच ओरडले.

"झाले असन पंधरा रोज."

"मंग लपवलं काहून?"

ती खाली पाहत म्हणाली, "पाय बरे झाले तं तू जाशीन ना."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, आणि त्याच वेळी तिची मायाही आली. मी खालांच्या पायरीवर बसले आणि चिठ्ठी तिच्यापुढं धरली. "हे पाह्य, येत नाई म्हणून लिहिलं मी."

तिला वाचता येत नव्हतं. तरी ती कागद पाहत राहिली. मग भलतंच विचारलं, "त्या बाईची माय बसते ना हौदावर, तिचे पाय कोन दाबत असन व?"

"कोनी नाई. तिची पोरगी इथं तुहे दाबून राह्यली."

आईनं चिठ्ठी माझ्या हातातून घेतली, फाडली आणि विचारलं, "यवतमाळची मोटर किती वाजता हाये?"