यादीतल्या सातव्या काकू

बसवाल्या काकू निवडणुकीच्या यादीत गेल्या त्या निव्वळ भिडेखातर. आमच्या देशात मत माणसाला नाही, पक्षाच्या यादीला देतात. पक्षाला मतांच्या हिशेबात जितक्या जागा मिळतील, तितकी यादीतली वरची नावं संसदेत जातात. यादीत एकाआड एक बाई हवी, असा कायदा. सातव्या नंबराला बाई मिळेना, तेव्हा आठव्या नंबराचे मास्तर काकूंच्या बसमध्ये चढले. "काकू, नाव द्या. निवडून यायची भीती नाही," म्हणाले. काकूंनी स्टिअरिंगवर कागद ठेवून सही ठोकली.

पक्षाला सहा जागा मिळाल्या. काकू थोडक्यात बचावल्या!

दोन वर्षांनी सहांतला एकजण राजदूत होऊन परदेशी गेला आणि काकूंना पत्र आलं. सात दिवसांत होकार कळवा, नाहीतर जागा आठव्याला. मास्तर तीस वर्षं दर यादीत होते आणि दर वेळी काठावर राहिले होते. काकू नाहीच म्हणणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं.

"मास्तरांचा जीव अडकलाय त्यात. तुला काय कमी आहे?" नवरा म्हणाला.

खरंच काही कमी नव्हतं. बावीस वर्षं एकच बस, ओळखीची माणसं, सुखाचं घर. खुपत होती ती एकच गोष्ट. दवाखाना सुटायचा पाचला आणि शेवटची बस पावणेपाचला. वेळापत्रक राजधानीत ठरायचं. काकू रोज पंधरा मिनिटं थांबून पेशंट घ्यायच्या आणि अधूनमधून उशिराबद्दल मेमो खायच्या. एकोणीस झाले होते.

सातव्या दिवशी मास्तर बसमध्ये पुढेच बसले होते, नव्या कोटात. दवाखान्यापाशी काकूंनी इंजिन बंद केलं.

"मास्तर, मला जायचंय," त्या म्हणाल्या. बोलताना त्यांचे कान तापले. "तुमच्यावर अन्याय होतोय, कळतंय मला. पण मनापासून जायचंय."

मास्तरांनी कोटाची बाही चाचपली. "कोट शिवला होता हो मी," एवढंच म्हणाले.

पाच वाजले. काठ्या टेकत, एकमेकांना धरून पेशंट चढू लागले. मास्तरांनी एका आजोबांना हात दिला, त्यांची पिशवी वर ठेवली आणि मग वळून विचारलं, "मेमो जपून ठेवलेत ना?"

"सगळे."

"मग पहिल्या दिवशी तेच वाचा. भाषणबिषण नको."

काकूंनी संसदेत एकोणीसच्या एकोणीस मेमो वाचले, तारखांसकट. शेवटचा वाचून त्यांनी मान वर केली. प्रेक्षकांच्या सज्जात मास्तर बसले होते, नवा कोट घालून.