निःशंक घ्या

सगळे तिला आंबटताई म्हणत. सरबताच्या कारखान्यात चव पाहायच्या कामावर तिची तीस वर्षं गेली, म्हणून ते नाव चिकटलं. आणि बोलणंही फारसं गोड नव्हतं, म्हणून ते सुटलं नाही. लग्न केलं नाही. भावाकडे राहायची. वहिनी शेजारणींना सांगायची, "वन्सं समोर बसल्या की साधा चहा करतानाही परीक्षेला बसल्यासारखं वाटतं."

कारखान्यात तिची एक छोटी खोली होती. पांढऱ्या फरशा, ओळीनं मांडलेले काचेचे पेले, कोमट पाण्याचा थर्मास, कोपऱ्यात चूळ टाकायचं बेसिन. भिंतीपलीकडे लिंबं पिळायची यंत्रं धडधडायची. एक घोट जिभेवर फिरवून ती सांगायची, लिंबं कालची की परवाची, साल जास्त दाबली गेली की काय. तिचं सहसा चुकत नसे.

मग एका वर्षी यंत्रं थांबली आणि गोण्या येऊ लागल्या. गोण्यांत पांढरी, साखरेसारखी भुकटी. साहेबांनी तिला दोन दिवस ती भुकटी बनते तिथं माहिती घ्यायला पाठवलं. तिथं लिंबाचं झाडच काय, लिंबाची बीसुद्धा नव्हती. तीन मजली उंच टाक्या, त्यांत साखर कारखान्यातली मळी, खालून सतत हवेचे बुडबुडे. तिथल्या केमिस्टनं काचेची एक बशी तिच्यापुढे धरली. बशीत काळी मखमल पसरल्यासारखं काहीतरी होतं.

"ही आमची कामकरीण. काळी बुरशी. मळी खाते आणि सायट्रिक आम्ल देते."

"म्हणजे आम्ही बुरशी पाजणार लोकांना?"

"बुरशी नाही हो, बुरशीनं केलेलं. पुढे गाळतो, चुन्यानं साका बसवतो, पुन्हा सोडवतो, धुतो, मग खडे पाडतो. लिंबातलं आम्ल तेच आणि हेही तेच. लिंबात बाकी पुष्कळ असतं, ते मात्र यात नाही."

तिला पटलं. तिच्या जिभेलाही तसंच वाटलं: हा आंबटपणा सरळ यायचा आणि मागे कुणी नसल्यासारखा निघून जायचा. बाटलीवरचं लिंबाचं चित्र मात्र तसंच राहिलं. पुढे कारखान्यानं तीच भुकटी घालून चघळायच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या काढल्या, त्यांच्या डबीवरही लिंबू आलं.

तिचं अक्षर चांगलं, म्हणून गिऱ्हाइकांच्या पत्रांना उत्तरं लिहायचं काम तिच्याकडे होतं. एक दिवस भूगोल शिकवणाऱ्या एका बाईंचं पत्र आलं. आखीव अक्षर, खाडाखोड नाही. "घरी लिंबू पिळून घेतलं तर मला काही होत नाही. तुमचं सरबत घेतलं की संध्याकाळपर्यंत बोटं सुजतात, खडू धरवत नाही. मला बुरशीचं वावडं आहे, ओल धरलेल्या भिंतीपाशी बसले तरी दम लागतो. सरबतातला आंबटपणा लिंबाचाच आहे ना? एवढंच कळवावं."

पत्र घेऊन ती साहेबांकडे गेली.

"लिही, आमचं आम्ल नैसर्गिक आहे."

"अहो, पण लिंबाचं नाही ना ते."

"मग बुरशी काय माझ्या काकांनी बनवली? निसर्गाचीच ना? लिही."

तिला हसू आलं. तिथंच उभी राहून ती हसली, आणि जागेवर येऊन तिनं तसं लिहिलं.

चार महिन्यांनी दुसरं पत्र आलं. बाईंनी गहू सोडला होता, दूध सोडलं होतं, सूज जात नव्हती. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्या पत्रातलं अक्षर ओळ सोडून चाललं होतं. आता अंडी आणि शेंगदाणेही बंद होते. "तुमच्या गोळ्यांनी ताकद येईल असं वाटतं. चालू ठेवू ना?" या खेपेला आंबटताई साहेबांकडे गेलीच नाही. दुपारच्या सुट्टीआधी काम उरकायचं होतं. तिनं लिहिलं, "निःशंक घ्या." तो शब्द तिचा स्वतःचा होता.

त्यानंतर पत्र आलं नाही.

टपाल आलं की ती आधी पाकिटांवरची अक्षरं बघायची. महिना गेला, वर्ष गेलं. पेला तोंडाला लावला की घशाच्या तळाशी ती काळी मखमल आहेसं वाटायचं. भरमसाट चुळा भरल्या तरी जायचं नाही. एकदा तिनं चांगला माल नापास केला. एकदा बिघडलेला पास केला. निवृत्तीचा हार गळ्यात पडला तेव्हाही तिला बाईंचा पत्ता तोंडपाठ होता.

एका सकाळी ती त्या पत्त्यावर गेली. पुढच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ डोळ्याला भिंग लावून मनगटी घड्याळ उघडत बसले होते. ते बाईंचे यजमान.

"तिला जाऊन दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "हृदय बंद पडलं. बोटं मात्र शेवटपर्यंत बरी झाली नाहीत. आपण कोण?"

तिनं कारखान्याचं नाव सांगताच ते उठले आणि आतून औषधांच्या कागदांची फाइल घेऊन आले. सगळ्यात वर तिची तीन पत्रं होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेली.

"तुम्हीच लिहायचात होय? फार आधार वाटायचा तिला. प्रत्येक डॉक्टरला दाखवायची. म्हणायची, सरबताचा प्रश्न मिटला, आता दुसरं काय ते शोधा."

आंबटताई समोरच्या खुर्चीत बसली. मग तिनं सगळं सांगितलं: गोण्या, टाक्या, मळी, बशीतली काळी बुरशी. त्यांनी भिंग काढून बाजूला ठेवलं.

"म्हणजे त्यामुळेच सूज होती?"

"ठाऊक नाही. गाळून, धुऊन येतं ते. कदाचित काही संबंधही नसेल. पण मी खरं लिहिलं असतं तर बाईंनी बंद करून तरी पाहिलं असतं."

"आठ दिवस," ते म्हणाले. "आठ दिवसांत कळलं असतं, हो की नाही ते. वर्षभर ती उकडलेल्या भाजीवर राहिली आणि वर तुमचं सरबत घेत राहिली."

मग त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "लिहून द्या. मला नको, तिच्या नावानं लिहा."

तिनं लिहिलं. सहा ओळी लिहायला तासभर लागला. त्यांनी तो कागद वाचला, फाइलीत सगळ्यात वर ठेवला आणि भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. या म्हणाले नाहीत, बसा म्हणाले नाहीत. ती आपली आपण उठली. बाईंचा फोटो भिंतीवर असणार, पण वर बघायचा धीर तिला झाला नाही.

तेच तिच्या मुळावर आलं. चेहरा माहीत नसल्यामुळे बाई आता कुणीही असू शकतात. दुकानात कुणी बाटली उचलली की आंबटताईची नजर आधी तिच्या बोटांवर जाते. परवा एकीची बोटं खरंच सुजलेली होती. आंबटताई पुढे झाली आणि म्हणाली, "हे लिंबाचं नाही बरं का."

"मला ठाऊक आहे," ती बाई म्हणाली आणि बाटली पिशवीत टाकून निघाली. आंबटताई बराच वेळ तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिली.