भिंगारदिवे सरांची सही

वनस्पतिशास्त्राचे इमॅन्युएल भिंगारदिवे सर सही फार सुरेख करत. हिरव्या शाईने सही करायचा त्यांना तसा अधिकार नव्हता, पण हौस होती, आणि कॉलेजात त्यांना अडवणारं कोणी नव्हतं. बेलापूरच्या घरून मोटारसायकलीवर निघायचं, चर्चच्या फाटकापाशी क्षणभर मान झुकवायची, रस्ता अडवून चाललेल्या उसाच्या ट्रॅक्टरांना मनातल्या मनात शिव्या द्यायच्या आणि घंटेच्या आधी वर्गावर हजर व्हायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. शिकवायला फर्डे, मनाने मऊ आणि लिहायच्या बाबतीत महाआळशी.

पोरं शिफारसपत्र मागायला येत. कुणाला बीएडला जायचं असे, कुणाला बियाणं कंपनीत नोकरी हवी असे. सर म्हणत, "लिहून आण, सही करतो." यात त्यांना काही वावगं वाटत नसे. त्यांच्या सरांनी त्यांच्याशी हेच केलं होतं. आपल्याकडे शिफारसपत्र ही मास्तरांनी लिहायची गोष्ट नसतेच मुळी. ज्याला हवं त्याने लिहायचं आणि मास्तरांनी पेनाचं टोपण काढायचं. पोरंही काही कमी नव्हती. एका वर्षी तर अख्खा वर्गच 'माझ्या पाहण्यातला सर्वोत्कृष्ट विद्यार्थी' निघाला, आणि सरांनी हसत हसत सगळ्यांवर हिरवी सही ठोकली. कुणाचं काही बिघडलं नाही, कारण ती पत्रं इकडे कुणी वाचतच नसे.

सरांची दुसरी एक सवय होती. पोराचं तोंडावर कौतुक करायचं नाही. केलं की पोर शेफारतं, हे मिशनच्या शाळेत कडक मास्तर असलेल्या वडिलांनी त्यांना लहानपणीच पटवलं होतं. तेव्हा कौतुक करायचं ते घरी, पत्नी हेलनबाईंपाशी, जेवताना. वर्गात मात्र "ठीक आहे, पुढे चल," एवढंच.

हेलनबाईंच्या ताटाशी सगळ्यात जास्त कौतुक झालं ते सत्यशीलाचं. ही पोरगी पाथर्डीकडची. आई लंकाबाई आणि वडील सहादेव दर हंगामाला ऊसतोडीला इकडच्या कारखान्यावर येत. त्यांच्याबरोबर कोपीत, पाचटाच्या झोपडीत, राहता राहता पोरगी इकडेच शाळेत रुळली, मग कॉलेजच्या वसतिगृहात टिकली आणि एमएस्सीला येऊन पोचली. उसावर काणी नावाचा रोग पडतो. शेंड्यातून काळा चाबूक निघतो आणि त्याची भुकटी वाऱ्यावर उडते. ती भुकटी आईच्या लुगड्यावर बसलेली तिने जन्मापासून पाहिली होती. प्रकल्पाला विषय कोणता, असं सरांनी विचारलं तेव्हा तिला विचार करावा लागला नाही.

तिचं काम चांगलं चाललं होतं. एका गावठी उसावर काणी येत नाही आणि त्याचं कारण त्याच्या मुळाशी राहणारी एक बुरशी आहे, असं तिला दिसलं. सर हरखले. प्राचार्यांना सांगून आले, पोस्टर करायला घ्या म्हणाले. आणि मग एके दिवशी सत्यशीला खालच्या मानेने सरांच्या खोलीत आली. तिने सांगितलं की बुरशी वाढवायच्या तिच्या काचेच्या बश्यांमध्ये भलतीच बुरशी शिरली होती, सगळा निकाल चुकीचा आहे. सर म्हणाले, असू दे, कोण बघायला येतंय, एमएस्सीला एवढं चालतं. तिने ऐकलं नाही. वर्षभराचं काम तिने मोरीत ओतलं आणि दिवाळीच्या सुट्टीत रिकाम्या प्रयोगशाळेत पुन्हा पहिल्यापासून मांडलं. निकाल आला तो आधीपेक्षा लहान होता, पण खरा होता.

निकाल आल्याचं तिने सांगितलं त्या दिवशी सर घरी जाऊन नीट जेवले नाहीत. मी तिला खोटं चालव म्हणालो आणि पोरीने ऐकलं नाही, असं त्यांनी हेलनबाईंना सांगितलं. आपल्या हाताखालून अशी एक तरी गेली, आता निवृत्त झालो तरी चालेल, असंही म्हणाले. दुसऱ्या दिवशी सत्यशीलाने नवे आकडे दाखवले तेव्हा सरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हटलं, "ठीक आहे. अक्षर स्वच्छ आहे. पुढे चल."

स्कॉटलंडमधल्या एका विद्यापीठात मुळाशी राहणाऱ्या याच बुरशीवर काम करणाऱ्या एक बाई होत्या. सत्यशीलाने त्यांचे लेख वाचून त्यांना ईमेल पाठवलं, आणि कुणाला वाटलं नव्हतं तरी उत्तर आलं. मग व्हिडिओवर बोलणं झालं. बाईंनी तिला पीएचडीला घ्यायची तयारी दाखवली. इंग्रजीची परीक्षा पुण्याला जाऊन दिली, पासपोर्ट झाला. राहिला प्रश्न पैशाचा. परदेशी विद्यार्थ्याला तिथली फी इथल्या माणसाला चक्कर आणणारी. सरकारच्या परदेशी शिष्यवृत्तीच्या यादीत ते विद्यापीठ बसत नव्हतं. एकच वाट होती, विद्यापीठाची स्वतःची शिष्यवृत्ती. ती मिळाली तर फी माफ आणि वर दरमहा खर्चाला रक्कम. न मिळाली तर प्रवेशाचा कागद घेऊन घरी बसायचं.

सहादेव आणि लंकाबाई एकदा सरांना भेटायला आले. तिकडे शिकायला उलट पगार मिळतो, हे सरांनी त्यांना परोपरीने समजावलं. सहादेवाने मान डोलावली. लंकाबाईचा विश्वास बसला नाही. शिकायचे पैसे कुणी देतं का, पोरीला फसवतील, असं तिचं म्हणणं. तरी उठताना तिने सरांना हात जोडले आणि म्हणाली, "तुमच्या शबदावर धाडतो, सर. आमाला काय बी कळत न्हाई."

सर 'माझा शब्द आहे' म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. यात शंका घ्यायचं कारण नाही.

शिष्यवृत्तीसाठी मार्गदर्शकाचं पत्र हवं होतं. त्याची लिंक सरांच्या ईमेलवर आली. नेमक्या त्याच दिवसांत विद्यापीठाच्या परीक्षा, नॅकच्या तपासणीची तयारी आणि कॉलेजातली नेहमीची धावपळ. सत्यशीला दारात उभी राहिली तेव्हा सरांनी वर न पाहता म्हटलं, "लिहून आण, सही करतो." ती काहीतरी विचारणार होती. दोनदा तोंड उघडून तिने मिटलं आणि गेली. चार-पाच दिवसांनी पत्र घेऊन आली. सरांनी खाली हिरवी सही केली, आणि फोन तिच्याच हातात दिला. घे, फोटो काढ आणि तूच चढवून टाक, मला ते जमत नाही. तिने टाकलं. वाचून बघता का सर, असं तिने विचारलंही होतं. सर म्हणाले, तू लिहिलंय म्हणजे बघायचं काय त्यात.

निकाल आला तो असा की प्रवेश मंजूर, शिष्यवृत्ती नाही. सरांना धक्का बसला. त्यांनी विचारलं तर सत्यशीला म्हणाली, जागाच कमी हुत्या, सर. आणि मग ती रडली नाही, काही नाही. थोड्याच दिवसांत सोनईला एका शेती-औषधांच्या कंपनीच्या डेपोत नोकरीला लागली. सरांनी नशिबाला बोल लावला. हेलनबाईंनी रविवारी तिच्यासाठी प्रार्थना केली. गोष्ट इथेच संपली असती, तर सर आजही सुखाने सह्या करत असते.

पण स्कॉटलंडच्या बाईंचं ईमेल आलं, थेट सरांना. त्यांनी लिहिलं होतं, निवृत्ती जवळ आल्याने नवा विद्यार्थी घ्यायचं हे माझं शेवटचं वर्ष होतं, त्यामुळे पुढच्या वर्षी तिला पुन्हा घेणं माझ्या हातात नाही. तिच्याइतकी चांगली विद्यार्थिनी मला मिळाली नसती. शिष्यवृत्ती थोडक्यात हुकली. समितीत मी तिच्या बाजूने भांडले, पण सगळ्यांनी तुमच्या पत्रावर बोट ठेवलं. शेवटी त्यांनी विचारलं होतं, अगदी सभ्यपणे, की व्हिडिओवर मी जिच्याशी बोलले ती मुलगी तुमच्या पत्रात मला कुठेच सापडली नाही. तुमचं आणि तिचं काही बिनसलं होतं का?

सरांनी ते दोनदा वाचलं. मग फोनमध्ये शोधून ते पत्र काढलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपण सही केलेलं शिफारसपत्र वाचलं. नीटनेटक्या इंग्रजीत लिहिलं होतं, की सत्यशीला वर्गात नियमित येते. तिचं अक्षर स्वच्छ आहे. ती कष्टाळू आहे, दिलेलं काम वेळेवर करते. तिच्या घरची परिस्थिती बेताची आहे. तिला संधी द्यावी ही विनंती. खाली हिरवी, सुरेख, वळणदार सही.

बश्यांचं काही नव्हतं. दिवाळीचं काही नव्हतं. सरांनी फोन हेलनबाईंच्या हातात दिला. त्यांनी वाचलं आणि विचारलं, ही कोण मुलगी?  सरांना आता राग आला, तोही त्या पोरीचाच. साऱ्या जगाची पोरं स्वतःला सर्वोत्कृष्ट म्हणवून घेतात, आणि हिलाच काय झालं होतं? एवढी हुशार आणि एवढी बावळट? राग उतरला तेव्हा त्यांना कळलं की आपण रडतो आहोत. हेलनबाई शेजारी बसून राहिल्या.

मग सरांनी पत्र लिहिलं. स्वतःच्या हाताने. उपयोग काहीच नव्हता, हे त्यांनाही कळत होतं. पण लिहिल्याशिवाय त्यांना राहवेना. बश्या, मोरी, रिकामी प्रयोगशाळा, मी चालवून घे म्हणालो आणि तिने ऐकलं नाही, सगळं लिहिलं. एवढ्या वर्षांत हिच्यासारखी पाहिली नाही, हेही लिहिलं, आणि ते कुणाचं उतरवलेलं नव्हतं. कागद खिशात घालून ते सोनईला गेले.

डेपोत गिऱ्हाईक होतं. सत्यशीला कंपनीची टोपी घालून कुणाला तरी फवारणीचं प्रमाण समजावत होती. सरांना पाहून ती लगबगीने बाहेर आली, खुर्ची दिली, चहा सांगते म्हणाली. सरांनी कागद पुढे केले. ती उभ्या उभ्याच वाचू लागली. पहिलं पान वाचून तिने सरांकडे पाहिलं आणि दुसरं उलटलं. शेवटापर्यंत वाचून तिने घडी घातली.

"सर, हे तुमाला तवाच वाटत हुतं?"

सरांनी होकारार्थी मान डोलावली. आणि मग त्यांच्या मनात जे साचलं होतं ते बाहेर पडलं. तू असं का लिहिलंस, असं त्यांनी विचारलं. दोन ओळी स्वतःबद्दल चांगल्या लिहायला काय जात होतं तुझं, सगळे लिहितात.

 तिच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणूनच ते ऐकवेना.

"लिहायला बसले तवा मी लई इचार केला, सर. पत्र तुमच्या नावाचं हुतं. तुमी मला काय काय म्हनला, ते सगळं आठवून आठवून काढलं. अक्षर स्वच्छ हाय म्हनला हुता. येळेवर काम करते म्हनला हुता. तेवढंच सापडलं. जे तुमी कधी म्हनलाच न्हाई, ते तुमच्या तोंडी कसं घालू? ते खोटं झालं असतं."

आतून कुणीतरी हाक मारली, औषधाची बाटली कुठली न्यायची म्हणून. ती जायला वळली. सरांनी तिचं नाव घेतलं, आणि जे एवढी वर्षं फक्त घरच्या ताटाशी बोलले होते ते तिच्यासमोर बोलायला तोंड उघडलं.

"आता नका म्हनू, सर," सत्यशीला म्हणाली. "गिऱ्हाईक उभं हाय. मला रडू येईल."