शेवटचा हात सासऱ्यांचा

आमच्या गल्लीत त्याला नावाने कोणी हाक मारत नाही. तो जावई. गॅरेज सासऱ्यांचं, वरच्या दोन खोल्या सासऱ्यांच्या, बायको तर सासऱ्यांचीच मुलगी. त्याचं स्वतःचं म्हणजे पान्यांची एक पेटी आणि संताप यावा इतका सोशिक स्वभाव. मी शेजारच्या गाळ्यात गाड्यांची सीट कव्हरं शिवतो. मधली भिंत अर्धीच आहे, त्यामुळे त्यांचं सगळं मला ऐकू येतं. ऐकू आलं नाही तर मी मशीन थांबवतो.

सासऱ्यांचा एक नियम होता. काम कोणीही करो, बोल्टांची शेवटची आवळणी त्यांची. जावयाने हौसेने टॉर्क रेंच आणला, म्हणजे ठरलेला जोर लागला की ‘कट्’ असा आवाज करणारा पाना. सासरे म्हणाले, “जावईबापू, ज्यांच्या हाताला कळत नाही त्यांची ही खेळणी.” पाना पेटीच्या तळाशी गेला.

मग ती लाल स्पोर्ट्स कार आली, दातांच्या डॉक्टरीणबाईंची. इतकी बुटकी की बाई उतरताना आधी पाय दिसायचे आणि बऱ्याच वेळाने बाई. वेग घेतला की खालून टकटक होते, ही तक्रार. इंजिनाचा जोर चाकाकडे नेणारा दांडा, म्हणजे ड्राइव्हशाफ्ट, सहा बोल्टांवर धरलेला असतो. ते सहाही सैल झाले होते. आवळून दिले, तर दहा दिवसांत गाडी परत दारात.

जावयाने बोल्टांच्या आट्यांवर सांडलेलं ग्रीस पेट्रोलने धुतलं. पुन्हा सैल. नवे बोल्ट, नवे वॉशर घातले, इंजिनाखालची रबरं तपासली. तरी सैल. बाई म्हणाल्या, “घाटात दांडा निखळला असता तर माझं काय झालं असतं?” सासऱ्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे पोराला काम येत नाही.

त्याच आठवड्यात दुसऱ्या शहरातल्या मोठ्या वर्कशॉपचं पत्र आलं. मुख्य मेकॅनिकची जागा, राहायला घर, उत्तर महिनाअखेरपर्यंत. त्याची बायको मला म्हणाली, “मास्तर, एकदा तरी माझ्या स्वयंपाकघरात माझ्या मनासारखे डबे लावायचेत मला.” मला बरं वाटलं. आठ वर्षं हे दोघं त्या घरात पाहुण्यासारखे वावरत होते.

चौथ्यांदा सासऱ्यांनी बोल्ट आवळले आणि जेवून पडायला वर गेले. जावयाने पेटीच्या तळातला तो पाना काढला आणि गाडीखाली शिरला. बोल्ट घट्ट असते तर पाना लावताक्षणी कट् व्हायला हवं होतं. तो पाव फेरा फिरला, मग कट् झालं. सहाही बोल्टांना तसंच. गाडीत दोष नव्हता. म्हाताऱ्याच्या हातातला जोर गेला होता आणि म्हाताऱ्याला पत्ताच नव्हता.

“तोंडावर सांग की!” मी म्हणालो. त्याने आडून विचारलं, “बाबा, एकदा पाना लावून बघू?” त्यांनी दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. बायको रडत म्हणाली, “नका सांगू हो. आई गेल्यापासून एवढंच उरलंय त्यांच्याकडे.” त्यानंतर रोज दुपारी सासरे झोपले की हा चोरासारखा गाडीखाली जायचा आणि सगळं पुन्हा आवळायचा.

टकटक थांबली. बाईंनी पेढे पाठवले. सासरे सुपाएवढी छाती करून म्हणाले, “बघितलंत, मास्तर? आता ब्रेकचे, चाकांचे, सगळे नटबोल्ट शेवटी मीच बघणार. हे नुसते आटे फिरवतात.” जावई पेढा हातात धरून उभा होता. आता प्रत्येक गाडी त्याच्या गळ्यात पडली होती.

महिन्याच्या शेवटच्या दुपारी तो माझ्याकडे आला. “मास्तर, एक मागू? मी गेल्यावर दुपारी एवढं तुम्ही कराल? पाना लावायचा, कट् झालं की थांबायचं. बाकी काही नाही.” त्याने मला गाडीखाली झोपवलं आणि पाना हातात दिला. मी फिरवला. कट्. खरं सांगतो, सोपं होतं. पोरसुद्धा करील.

बाहेर येऊन मी कपडे झटकले. “मी सुईदोऱ्याचा माणूस. एखादा बोल्ट विसरलो तर? कोणी मेलं तर?”

“हो ना,” तो म्हणाला. “म्हणूनच मला तसंच सोडून जाता येत नाही.”

मी नाहीच म्हणालो. जबाबदारी नको होती. आणि तो गेला असता तर गाळा ओकाओका झाला असता, हेही मनात होतं. ते मी बोललो नाही.

तो रागावला नाही, तेच जास्त लागलं. माझ्याच दुकानात उभं राहून त्याने फोन लावला. “साहेब, जागा दुसऱ्या कोणाला द्या. नाही, पगाराचं नाही. घरची अडचण आहे.” फोन ठेवून तो म्हणाला, “तेवढं तिला तुम्ही सांगाल का, मास्तर? माझ्याने नाही होणार.”

त्यालाही मी नाही म्हणालो.