शनिवारी जेलात भरणारं कोर्ट

वकिली सुटली की फाइली दुसऱ्याकडे जातात, पण किस्से आपल्याच गळ्यात राहतात. मी सांगायला बसले की लोक हसतात. मीही हसते. मग चहा तसाच गार होतो!

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी मध्य प्रदेशात देवासला होते. ज्यांना वकील परवडत नाही, त्यांच्या बाजूनं सरकारतर्फे उभी राहायची. आमचे मॅजिस्ट्रेट पटवर्धन साहेब, मूळचे धारचे. महिन्यातला एक शनिवार ते जेलातच कोर्ट भरवायचे. समोर कोण? स्टेशनवर झोपणारे, डोकं फिरलंय म्हणून उचलून आणलेले, एखादा जुना फौजी. गुन्हे किरकोळ, निकाल जागच्या जागी.

*

एकाला साहेबांनी पत्ता विचारला.

"साब, प्लेटफॉर्म पे नल के पास वाली बेंच."

सगळे हसले. साहेब म्हणाले, "लिहा. माणूस राहतो तोच त्याचा पत्ता."

पुढं एका साक्षीसाठी त्याला समन्स निघालं. आमचा कैलास शिपाई ते देऊन आला तो हसतच. "अरे भिया, इतने साल में पहली बार पार्टी पते पे मिली!"

नंतर स्टेशनची दुरुस्ती झाली, बेंच काढली. दुसरं समन्स तसंच परत आलं.

*

एक म्हातारा फौजी. दारू पिऊन बाजारात भांडलेला. साहेबांसमोर सावधान उभा राहिला. त्याचं ऐकून झालं, आम्ही जेवायला उठलो. परत येऊन बघतो तर तसाच उभा!

"बाबा, बैठे क्यों नहीं?" मी विचारलं.

"हुकुम नहीं मिला, बेटा."

तो पुन्हा पुन्हा यायचा. मग जेवायला उठण्याआधी साहेब मोठ्यानं "विश्राम!" म्हणायला लागले. तो वारला, तरी कितीतरी शनिवार म्हणत होते.

*

कुणालाही सोडताना साहेबांचं एक वाक्य ठरलेलं, "आगे से ध्यान रखना."

एकदा एक बेघर माणूस समोर आला. त्याच्या गुन्ह्याला जास्तीत जास्त जी शिक्षा, त्याहून कितीतरी जास्त तो आधीच आत बसला होता. त्याची तारीख लावून घ्यायला बाहेर कुणी नव्हतंच. साहेब खुर्चीतून उठले. "हमसे बहुत बड़ी गलती हुई."

त्यानंच साहेबांची समजूत घातली. "हो जाता है साब. आगे से ध्यान रखना!"

कैलास हसला. साहेब त्या दिवशी जेवले नाहीत.

*

बस स्टँडवर सापडलेली एक बाई होती. कुणाशी बोलायची नाही, म्हणून सगळे तिला 'गूंगी' म्हणायचे. साहेब मला सहज मराठीत म्हणाले, "अहो, बाईंना चहा द्या."

ती पटकन म्हणाली, "साखर कमी घाला."

सगळे थक्क! तोवर तिच्याशी मराठीत कुणी बोललंच नव्हतं. खानदेशातली निघाली. गावी निरोप धाडला, भाऊ धावत आला. तिकडं तिचं श्राद्धसुद्धा उरकलं होतं.

*

साहेबांची बदली झाली, तेव्हाचा शेवटचा शनिवार. आत एक तरुण होता, दिवसभर स्वतःशी पुटपुटणारा. त्याला घरच्यांच्या ताब्यात द्यायचं ठरलं. दुसऱ्या एका कैद्यानं त्याला ओळखलं होतं, म्हणून सरदारपूरहून मोठ्या भावाला बोलावलं.

भाऊ आला. इस्त्रीचा शर्ट घामानं भिजलेला. तरुणाकडं न बघताच म्हणाला, "साब, ये मेरा भाई नहीं है."

साहेबांनी तरुणाला विचारलं, "तू पहचानता है इनको?"

त्यानं भावाकडं बघितलं. पुटपुटणं थांबलं होतं. मग त्यानं हात जोडले.

"नहीं साब, मैं नहीं जानता. पर इनको जल्दी जाने दो. घर पे माँ अकेली है, उसको दिखता नहीं."